दाराच्या कडेची पट्टी

छोट्या खासगी विमानाच्या दाराभोवती रबराची जी पोकळ पट्टी चिकटवलेली असते, तिला सील म्हणतात. दार आणि चौकट यांच्यामधली फट बुजवणे एवढेच तिचे काम असल्यामुळे विमानाच्या वर्णनात तिचा उल्लेख सहसा येत नाही. तरीही उमेदवारीच्या दिवसांपासून उतारवयापर्यंत ज्या वस्तू वैमानिकाच्या सोबतीला राहतात, त्यांत ही पट्टी मोडते आणि वयाच्या प्रत्येक टप्प्यावर तो तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

शिकाऊ वैमानिकाला ती दिसतच नाही. १९५६ साली बाजारात आलेले आणि आजवर ४४,००० हून अधिक संख्येने तयार झालेले सेसना १७२ हे चार आसनी विमान जगभरच्या प्रशिक्षण संस्थांत आहे, बारामतीच्या धावपट्टीवरही आहे, आणि त्यात शिकणारा दाराच्या वरच्या कोपऱ्यातून येणारी शीळ हा विमानाचा स्वभावच समजून चालतो. त्या वयात दाराविषयी एकच धडा त्याला पुनःपुन्हा दिला जातो, तो असा की, हवेत असताना दार उघडले तरी विमान उडतच राहते. या विमानांची दारे पुढच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली असल्याने समोरून येणारा वारा त्यांना पूर्ण उघडू देत नाही आणि दार काही इंच फटीवर तरंगत राहते. बीचक्राफ्ट बोनान्झासारख्या विमानांच्या बाबतीत अशा प्रसंगी जे अपघात घडले, त्यांत उघड्या दारापेक्षा दार ओढण्याच्या नादात विमानाकडे झालेले दुर्लक्ष अधिक घातक ठरले.

दार बाहेर का ओढले जाते, हे समजले की पट्टीचे काम किती अवघड आहे ते उमगते. विमानाच्या अंगावरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब केबिनमधल्या हवेपेक्षा कमी असतो आणि हा फरक दाराच्या वरच्या, मागच्या कोपऱ्यात विशेष जाणवतो, कारण तिथे पत्रा वळलेला असतो आणि लॅच, म्हणजे दार अडकवून ठेवणारी यंत्रणा, तिथून बहुधा दूर असते. १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेगाला समुद्रसपाटीवर हवेचा गतिजन्य दाब दर चौरस मीटरला साधारण २३५ किलो वजनाइतका भरतो. त्याच्या केवळ पाव भागाइतकी ओढ धरली, तरी चौरस मीटरभर दारावर साठेक किलोचा भार बाहेरच्या दिशेने लागतो. जमिनीवर घट्ट वाटणारे दार आकाशात किंचित फुगते आणि पट्टीला त्या फुगवट्याच्या मागोमाग पसरावे लागते. जुने, कडक झालेले रबर नेमके हेच करू शकत नाही.

मालकीचे विमान आले की ही पट्टी खऱ्या अर्थाने आयुष्यात येते. सेसनाने १७२ चे उत्पादन १९८६ मध्ये थांबवले आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू केले, त्यामुळे आज खासगी मालकांच्या हाती असलेली पुष्कळ विमाने चाळिशी ओलांडलेली आहेत. पत्रा मूळचा असला, तरी पट्टी कितीदा बदलली गेली हे नोंदवहीतच पाहावे लागते. बदलण्याच्या कामात बहुतेक वेळ नव्या पट्टीपेक्षा जुन्या गोंदावर जातो. हा पिवळा, कडक थर काढायला मिथाइल इथाइल कीटोनसारखे तीव्र द्रावक वापरतात, मात्र त्याचा थेंब खिडकीच्या ॲक्रिलिकवर पडला तर तिथे बारीक तडे जातात आणि रंगही उकलतो, म्हणून खिडकी आधी झाकून, कापड ओले करून, वीतभर भाग एका वेळी हाती घेणे हाच मार्ग उरतो. सिलिकोनची पट्टी थंडी-उन्हात लवचीक राहते म्हणून अनेकांना आवडते. पण तिला नेहमीचा रबराचा गोंद धरत नाही, सिलिकोनचाच गोंद लागतो आणि त्यातही सुकताना ॲसेटिक आम्ल सोडणारा प्रकार ॲल्युमिनियमला गंजवतो. पट्टी कोणती घ्यावी हे विमानाच्या सुट्या भागांच्या पुस्तिकेवरून आणि मान्यताप्राप्त भागांमधूनच ठरवावे लागते.

चिकटवताना पट्टी ताणायची नाही, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम होय. ताणून बसवलेले रबर काही आठवड्यांत मूळ लांबीवर येते आणि जोडाशी फट पडते, शिवाय कोपऱ्यात ते चपटे होऊन तिथला उंचवटाच हरवतो. जोड दाराच्या खालच्या कडेला ठेवतात, म्हणजे पावसाचे पाणी त्यातून आत झिरपत नाही. पाण्याचा हा मुद्दा किरकोळ समजू नये, कारण ओल्या गालिच्याखालचे ॲल्युमिनियम कोणाच्या लक्षात न येता गंजत राहते.

जाड पट्टी म्हणजे चांगली पट्टी, हा समज मात्र निखालस चुकीचा आहे. बिजागरीच्या बाजूला जाड रबर आले की ते टेकूसारखे काम करते, दाराची दुसरी कड बाहेर राहते आणि मालक दार आपटून लावू लागतो. त्या आपटण्याने लॅच झिजते, बिजागऱ्या सैल होतात आणि दार पूर्वीपेक्षा अधिक गळू लागते. म्हणून आधी बिजागरी आणि लॅच तपासावी, दार चौकटीत सारखे बसते की नाही ते पाहावे आणि मगच रबराकडे वळावे. आतून हवा भरून फुगवता येणाऱ्या नळीसारख्या पट्ट्याही मिळतात. दार सहज लागते आणि नंतर छोट्या पंपाने फट भरली जाते, पण पंप, नळ्या आणि त्यांची देखभाल हा नवा व्याप त्यांच्याबरोबर येतो.

उतारवयात पट्टीचे मोल दोन कारणांनी वाढते. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने थकलेल्या कानांना शीळ सोसवत नाही, हे पहिले. दुसरे अधिक गंभीर आहे: इंजिनातून गळलेले धुराचे वायू विमानाच्या पोटालगत मागे वाहतात आणि दाराच्या खालच्या फटीतून आत शिरू शकतात, त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याने आलेली गुंगी वैमानिक थकवा समजून बसतो. छोटे विमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने थंडीपूर्वी दाराच्या चारही कडांना कागदाची पट्टी अडकवून, दार लावून ती ओढून पाहावी. जिथे कागद अडखळल्याशिवाय निघतो तिथे सील बसलेले नाही असे समजून ते दुरुस्त करवून घ्यावे, आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्रही अवश्य लावावे.