बाबांची सागवानी पेटी

सौंसरला आमच्या घरी माळ्यावर एक सागवानी पेटी आहे. दीड हात लांब, कोपरे एकमेकांत असे बसवलेले की खिळा शोधूनही सापडू नये. १९९१ साली बाबांनी ती माझ्या अॅम्प्लिफायरसाठी केली, आणि काही दिवसांतच मी तिच्यावर गिरमिट चालवले.

बाबा सुतार. मला मात्र पांढुर्ण्याच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून डाग लावायचा नाद लागलेला. नकाशा हिंदी मासिकातला, सामान नागपूरचे. छोट्या गाडीने इतवारीला जायचे नि खिशात दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर जपत परतायचे. (ती छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली.) भजनी मंडळासाठी पन्नास वॅटचा अॅम्प्लिफायर करतो म्हटल्यावर बाबांनी ठेवणीतले सागवान काढले. पेटी केली ती धान्याच्या कोठीसारखी. धूळ जाऊ नये, उंदीर शिरू नये. मीही आत अॅल्युमिनियमचा तळहाताएवढा पत्रा लावून मोकळा झालो.

हनुमान जयंतीच्या रात्री भजन रंगात आले होते. आवाज आधी घोगरा झाला, मग एकदम गेला. फ्यूज उडालेला, पेटीत हात घालवेना. मधे मोठा कपॅसिटर होता म्हणून स्पीकर तेवढा वाचला. कोणीतरी म्हणाले, "सुताराच्या पोरानं पेटी केली, बाजा नाही केला!" लोक हसले. बाबांनी टाळ खाली ठेवले नि उठून घरी गेले.

आठवडाभर मी हिशेब करीत बसलो. अशा अॅम्प्लिफायरला सर्वांत जास्त ताप पूर्ण आवाजात नव्हे, मधल्या आवाजात येतो, आणि भजन तर रात्रभर मधल्याच आवाजात चालते. वीस वॅट उष्णता धरा. माझा पत्रा दर वॅटला चार अंश चढणारा, म्हणजे ऐंशी. बंद पेटीतली हवाच पासष्ट अंशांची. झाले एकशे पंचेचाळीस, नि ट्रान्झिस्टरच्या पोटात आणखी वीस. कागदावर तो दोनशे सोसतो. पण तापला की जास्त वीज ओढतो, आणि ओढली की आणखी तापतो. शिवाय अभ्रकाच्या चकतीखाली पांढरी पेस्ट मी लोण्यासारखी थापली होती. ती पातळ लावायची असते, फटी भरण्यापुरती.

नागपूरहून पाती असलेला मोठा हिटसिंक आणला. बाबा त्याला 'फणी' म्हणाले, आणि आमच्या घरात तेच नाव राहिले. ही फणी बाहेर, पेटीच्या पाठीवर, पाती उभी ठेवून बसवायची. आडवी ठेवली तर गरम हवा पात्यांतच अडकते. ट्रान्सफॉर्मर आतच राहणार, तोही तापणार, म्हणून पेटीला भोके हवीत, असे मी भीतभीत सांगितले.

"पेटीले भोकं? मंग चाळणीच कर ना तिची!"

बाबा कामावर गेलेले पाहून मी झाकणावर वीस भोके पाडली. सागाच्या चिरफाळ्या निघाल्या. संध्याकाळी त्यांनी झाकणावरून बोट फिरवले, काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवतानाही नाही.

सकाळी उठून पाहतो तो पेटी उलटी, आणि बाबा तिच्या बुडाला लांबट खाचा पाडत होते. चार लाकडी पाय घडवून बाजूला ठेवलेले.

"वरून हवा जाईन म्हणतं तू. पन खालून आली नाही त जाईन कशी? चुलीले खालून फुंकतेत का वरून?"

माझ्या सगळ्या हिशेबात ही गोष्ट नव्हती. मी भोके फक्त वरच पाडली होती.

पाय बोटभर उंच केले. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, मायकची तार दुसऱ्या टोकाला ठेवली, कारण जवळ आली की घूं ऐकू येते. फणी आणि पेटीच्या आतला पत्रा अर्थिंगला जोडला. वैशाखातल्या एका दुपारी अंगणात तीन तास वाजवून पाहिले. बाबा दर थोड्या वेळाने येऊन फणीला बोट लावत होते.

पुढे तो अॅम्प्लिफायर कितीतरी सप्ताहांत वाजला. आता माझा मुलगा काडेपेटीएवढी क्लास-डीची पट्टी आणतो. तिला फणी लागते ती अंगठ्याएवढी. परवा त्याने माळ्यावरची पेटी उतरवली आणि विचारले, झाकण एवढे खराब झाले होते, तर आजोबांनी बदलले का नाही?

भोकांच्या कडा त्यांनी कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. सगळ्या वीसच्या वीस.