पुढच्या तपासणीची तारीख

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे महिन्याभराच्या अंतराने दोन ऑपरेशनं झाली. मुलुंडला बाबांचं, बोरिवलीला मामांचं. दुखणं एकच, पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा. एरवी ही धमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. पुरुषांमध्ये ती ५.५च्या पुढे गेली की ऑपरेशनचा विचार करतात. बाबांच्या धमनीची ठेवण स्टेंटला सोयीची नव्हती, म्हणून पोट उघडून कृत्रिम नळी शिवली. मामांना जांघेतून कापडी अस्तराचा स्टेंट बसवला. अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी १९९० साली पहिल्यांदा वापरलेली ही वाट.

मामा तिसऱ्या दिवशी घरी आले. बाबा दहाव्या.

बाबांच्या उशाशी प्लास्टिकचं तीन चेंडूंचं यंत्र असे. श्वास आत ओढला की चेंडू उचलले जायचे. पण टाके असे ओढत की खोल श्वास नकोसा वाटे. खोकला आला की आई पटकन उशी पुढे करायची आणि बाबा ती दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरायचे. घरी आल्यावर आठवड्याने तिसरा चेंडू वर गेला, क्षणभर थरथरत टिकला, आणि आईने देवापुढे साखर ठेवली. सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नव्हती. आधी इमारतीच्या फाटकापर्यंत, मग भाजीवाल्यापर्यंत असं करत अडीच महिन्यांनी बाबा मुलुंड स्टेशनपर्यंत चालत गेले.

मामा तोवर रोज सकाळी नॅशनल पार्कात फिरत होते. सगळे म्हणायचे, मामा स्वस्तात सुटले. मीही तेच म्हणायचे.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, हिशेब इतका सोपा नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी ४.७ टक्के दगावले, स्टेंटवाल्यांपैकी १.७ टक्के. त्याच रुग्णांवर १५ वर्षं नजर ठेवली, तेव्हा आठ वर्षांनंतर पारडं फिरलेलं दिसलं. स्टेंटच्या कडेने रक्त झिरपत राहिलं तर फुगा पुन्हा वाढतो आणि फुटूही शकतो. म्हणून स्टेंटवाल्याला तपासणी जन्मभराची. बाबांनी कष्ट आधीच भोगून टाकले, मामांच्या वाट्याला कायमची राखण आली.

वर्षाची तपासणी आली तेव्हा मामा म्हणाले, "मला काही होत नाही, कशाला उगाच?" मामी शांतपणे म्हणाल्या, "अहो, फुगला होता तेव्हा तरी कुठे दुखत होतं?" मामा उठले आणि चपला घालून निघाले.

घरी सोडतात तेव्हा आपण बिलं आणि गोळ्या तपासून घेतो. तुमच्या माणसाला स्टेंट बसवला असेल, तर दाराबाहेर पडण्याआधी पुढच्या तपासणीची तारीखही विचारून घ्या, आणि ती घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.