रस्ता कुणाचा, गाडी कुणाची

2017 च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेचं मतदान तोंडावर आलं होतं. 21 तारीख ठरलेली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या नेसरीत प्रचाराच्या गाड्यांचे भोंगे सकाळपासून सुरू. माझ्या मनात एकच विषय होता, तो म्हणजे एसटी. पुतणी घटप्रभा नदीपलीकडच्या वाडीतून इथल्या कोलेकर महाविद्यालयात यायची. सकाळची गाडी आली नाही की वडाप, म्हणजे खासगी जीप. जीप खच्चून भरल्याशिवाय वडापवाला हलत नाही, त्यामुळे पहिला तास बुडायचा. संध्याकाळी पोरगी घरी पोचेपर्यंत तिच्या आईचा डोळा रस्त्याकडं.

म्हणून दारात येईल त्या प्रत्येकाला मी वाहतुकीचंच विचारायचं ठरवलं. सगळ्यांची पत्रकं जपून ठेवली आणि एका रात्री ओळीनं मांडली. एकात कोल्हापूरला जादा गाड्या आणि वाडीत मुक्कामी गाडी. दुसऱ्यात प्रत्येक फाट्यावर प्रवासी निवारा. तिसऱ्यात तर थेट रेल्वे. पत्रकावर वाहतुकीची ओळही नसलेला एक उमेदवार मात्र अंगणात बसून म्हणाला, "काकी, एसटी माझ्या हातात न्हाई. वाडीच्या रस्त्याची मोरी आणि गाडी वळवायला जागा, एवढं मी बघतो."

तेव्हा मला ते उत्तर फारच तोकडं वाटलं. रेल्वेपुढं मोरी काय!

गल्लीतल्या एका निवृत्त कंडक्टरनं ती पत्रकं वाचली आणि एकेक मुद्दा सोडवून दाखवला. कुठली गाडी कुठं जायची हे एसटी महामंडळाचे विभाग नियंत्रक आणि आगार ठरवतात, जिल्हा परिषदेचा तिथं हुकूम चालत नाही. रेल्वे तर केंद्राची. पण वाडीवस्तीकडं जाणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं असतात. साइडपट्टी खचली, मोरी वाहून गेली, वळायला जागा उरली नाही की ड्रायव्हर गाडी आत घालत नाही आणि फेरी बंद पडते. कंडक्टरच्या लेखी गाडी सुरू करायची किल्ली आगारात नव्हती, रस्त्यात होती. पैशाचंही त्यानं सांगितलं. कार्यालयातली माणसं 'तीस चोपन्न' आणि 'पन्नास चोपन्न' म्हणतात, ती रस्त्यांची लेखाशीर्षं. पहिल्यातून दुरुस्ती, दुसऱ्यातून नवं काम. आपला रस्ता त्या यादीत बसवून घेणं हे सदस्याचं काम.

आमच्या भागात यात आणखी एक गुंता आहे. घटप्रभेवर तारेवाडी, कानडेवाडी, अडकूर इथं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. ते बांधले पाणी अडवायला, पण लोक त्यांवरूनच नदी ओलांडतात. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले की वाहतूक लांबच्या वाटेनं वळते. रस्ता बांधकाम खात्याचा, बंधारा पाटबंधाऱ्याचा, गाडी महामंडळाची. या तिघांना एका टेबलाशी बसवायची जागा म्हणजे पंचायत समितीची आमसभा. आमदार अध्यक्ष असतात, खात्यांचे अधिकारी समोर असतात आणि साध्या माणसाला उठून प्रश्न विचारता येतो. हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकं पुन्हा काढली आणि प्रत्येक वचनापुढं लिहिलं: हे याच्या हातात आहे का? बहुतेक ठिकाणी 'नाही' आलं. मत कुणाला दिलं ते सांगत नाही, पण मोरीची गोष्ट करणाऱ्याचं धोरण त्या सगळ्यांत पक्कं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मार्च 2022 मध्ये त्या निवडणुकीत निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक आले. मोरीसाठी धरायला हक्काचा सदस्यच उरला नाही. त्या काळात ही उणीव मला फार जाणवली.

तुमच्या दारात उमेदवार आला, तर गाडी मागण्याआधी त्याला आपल्या वाडीच्या रस्त्यावर चालत न्या. हा रस्ता कुठल्या खात्याचा, यंदाच्या यादीत आहे का आणि नसेल तर आमसभेत कोण उभं राहणार, हे तिथंच विचारा.