कायदा आणि अंमल

कायदा झाला म्हणजे कार्य सिद्धीस गेलें, असें पुष्कळांस वाटतें. बालविवाहाचेंच पहा. शारदा कायदा १९२९ सालीं संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला. मुलीस १४ व मुलास १८ वर्षांची मर्यादा त्यानें घातली. परंतु मधल्या सहा महिन्यांत लोकांनीं लगबगीनें लग्नें उरकून घेतलीं! पुढें तरी काय? पोलिसांस आपण होऊन हात घालतां येत नसे. कोणी फिर्याद द्यावी, तेव्हां खटला. शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर, तेंही त्याच्या मांडवांत जेवून आल्यावर, फिर्याद करावी ही अपेक्षाच भोळी होय.

मर्यादा १९७८ सालीं १८ व २१ झाली. परंतु आमच्या मतें खरा फरक २००६ च्या कायद्याचा: त्यानें गुन्हा दखलपात्र ठरविला व प्रतिबंधक अधिकारी नेमण्याची तरतूद केली. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २३ जणींचें लग्न अठरापूर्वीं झालेलें आढळलें. २००५-०६ मध्यें हें प्रमाण ४७ होतें.

मे महिन्याच्या सुटीनंतर हजेरीपटावरील एखाद्या नांवास ओ येत नाहीं. ‘मामाकडे गेली,’ असें मैत्रिणी सांगतात. आम्ही मामाचें गांव विचारून घेतों, व संशय बळावल्यास १०९८ या क्रमांकावर कळवितों.