शेहेचाळिशीतली गिझेल

प्रिय सुमे,

तुझ्या मुलीने बॅलेचा क्लास लावला म्हणतेस, तर तिला एक जुनी फिल्म दाखव. बोल्शोई ही रशियन बॅले कंपनी ऑक्टोबर 1956 मध्ये पहिल्यांदा लंडनला आली. कोव्हेंट गार्डनबाहेर तिकिटांसाठी लोकांनी फुटपाथवर रात्री काढल्या. पॉल झिनर नावाच्या दिग्दर्शकाने तेव्हा रात्री उशिरा, प्रेक्षक घरी गेल्यावर, त्याच रंगमंचावर अनेक कॅमेरे लावून ‘गिझेल’ टिपली. गिझेल झाली होती गालिना उलानोवा. वय 46! तिचा प्रियकर आल्ब्रेख्त झालेला निकोलाय फादेयेचेव जेमतेम तेविशीचा.

गोष्ट तुला ठाऊक असेलच. पॅरिसमध्ये 1841 साली पहिल्यांदा झालेला हा बॅले. नाचवेडी, हृदयाने नाजूक खेडवळ पोरगी. तिच्यावर प्रेम करणारा तरुण वेष बदललेला सरदार निघतो, त्याचं लग्न आधीच ठरलेलं असतं. ती वेडी होऊन मरते आणि विलींमध्ये जाते. लग्नाआधी दगा खाऊन मेलेल्या मुलींची ही भुतं, आपल्या आजीच्या हिशोबाने जखिणीच. रात्री सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात.

आता उलानोवा. ती दारातून बाहेर येते तेव्हा वय दिसतं गं. रंगमंचावरचा मेकअप जवळून बघायला केलेलाच नसतो, आणि कॅमेऱ्याला दया नाही. पण थोड्याच वेळात आपण वय शोधायचं सोडून देतो. सोळा वर्षांची दिसायचा हट्ट ती करत नाही, म्हणूनच असेल. लाजते तीही नखरा न करता, खांदे जरा आत घेऊन.

वेड लागण्याचा प्रसंग मात्र सावकाश बघ. संगीतकार अडोल्फ आदांने आधीचेच प्रेमाचे सूर इथे तुटक करून परत आणलेत. ती तेच सूर ऐकत हातात नसलेल्या फुलाच्या पाकळ्या खुडते, ‘आहे, नाही’ मोजते. मघाशी याच खेळाने तिला घाबरवलं होतं. मग तलवार जमिनीवरून ओढत फिरते. केस पिंजारून किंचाळल्याचा आव आणणाऱ्या गिझेल पुष्कळ पाहिल्यात मी. ही उलट शांत होत जाते. तिची नजर समोरच्या माणसांवरून नुसती घसरते. हे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून कुणाला दिसलं असतं? इथे झिनरचे उपकार मानायचे.

दुसऱ्या अंकात माझं त्याच्याशी भांडण आहे. विली एक पाय मागे उचलून, दुसऱ्यावर उड्या घेत दोन्ही बाजूंनी येतात आणि ओळीतून ओळ पार होते. ही सगळी नक्षी वरून, लांबून बघायची. कॅमेरा जवळ गेला की उरतात नुसते पांढरे झगे. मला विचारशील तर या अंकाला एकच कॅमेरा बाल्कनीत ठेवायचा आणि घरी जायचं! त्यातून नकोच तो चेहरा; इथे गिझेल मेलेली आहे, आल्ब्रेख्तला पहाटेपर्यंत जगवणं एवढंच तिचं काम. तेही उलानोवा पाठीनेच सांगते.

याच फिल्ममध्ये इतर बॅलेंचे तुकडेही आहेत. त्यातला ‘डाइंग स्वॅन’ तेवढा चुकवू नकोस. आणि फोनवर बघू नका, टीव्हीला जोडा. लेकीला कोण आवडलं ते कळव. मला वाटतं, ती विलींची राणी मिर्था म्हणेल. त्या वयात मीही तेच म्हटलं असतं.

तुझी,
नीलू