वळिवड्याचा स्तंभ

कोल्हापुरास जाणारे बहुतेक यात्रेकरू अंबाबाईचें दर्शन घेतात, रंकाळ्यावर फेरी मारतात, सवड असल्यास पन्हाळा पाहतात आणि परततात. आम्हीहि अनेकदां तसेच परतलों. या खेपेस मात्र सहकुटुंब वळिवड्यास जावयाचें ठरविलें, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं विचारलें, "देवीच्या गांवीं येऊन परक्यांच्या खुणा कसल्या पाहावयाच्या?"

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर वाटेंत द्यावें लागलें.

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनी व सोविएत रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला. रशियाच्या वांट्यास आलेल्या भागांतून १९४० पासून लक्षावधि माणसें मालगाड्यांत कोंडून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यांत आलीं. थंडी, उपासमार व रोगराई यांत कित्येकांचा अंत झाला. १९४१ सालीं जर्मनीनें रशियावरच स्वारी केली, तेव्हां उरलेल्यांची सुटका झाली. आणि पुढील वर्षीं त्यांतील कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत पोहोंचले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें मुलांस आश्रय दिला. कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें १९४३ सालीं मोठी वसाहत उभी राहिली. सुमारें ५,००० जीव, बहुतेक स्त्रिया व मुलें, तेथें राहिले. बराकींच्या ओळी, शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर. पंचगंगेच्या खोऱ्यांत जणूं एक पोलिश गांवच वसलें.

हें ऐकून मंडळी म्हणालीं, "म्हणजे हे तरी वांचले!"

वांचले खरे; परंतु ज्या गांवांतून त्यांस हांकलण्यांत आलें, तेथें त्यांचे यहुदी शेजारी मागें राहिले होते. १९४१ सालीं तीं गांवें जर्मनांच्या हातीं पडलीं. युद्धापूर्वीं पोलंडांत सुमारें ३३ लक्ष यहुदी होते. त्यांपैकीं सुमारें ३० लक्ष मारले गेले. जी हद्दपारी शाप वाटली तिनेंच कित्येकांचे प्राण राखले, आणि जें घर सुरक्षित वाटलें तेंच काळ ठरलें. लहान लहान गांवांतील कुळेंच्या कुळें नाहींशीं झालीं. मागें नांव घेणाराहि उरला नाहीं.

वळिवड्याची वसाहत १९४८ पर्यंत रिकामी झाली. अनेकांचीं मूळ गांवें आतां सोविएत राज्यांत गेलीं होतीं; तेव्हां कोणी ब्रिटन, कोणी ऑस्ट्रेलिया गांठली. फाळणीनंतर त्याच जागीं सिंधी निर्वासित वसले. आजचें गांधीनगर तें हेंच. कापडाच्या दुकानांच्या गजबजाटांतून जातांना, एका निर्वासिताची जागा दुसऱ्यानें घेतली हें ध्यानांत येऊन मन गलबलतें.

कोल्हापुरांत महावीर उद्यानांत १९९८ सालीं पोलिश लोकांचें स्मारक झालें. वळिवड्यास २०१९ सालीं स्तंभ उभारण्यांत आला. तिकडे वॉर्सा शहरींहि २०१७ पासून कोल्हापूरच्या उपकाराचें स्मारक आहे. आम्हीं मात्र इतकीं वर्षें याच वाटेनें येऊन जाऊन तिकडे मान वळवून पाहिलें नव्हतें!

स्तंभापाशीं बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग वडीलच म्हणाले, "तर्पणांत बांधव नसलेल्यांसहि उदक देतोंच कीं आपण." देवीच्या प्रसादाचीं फुलें पुडींत उरलीं होतीं. तीं त्यांनीं स्तंभाच्या पायाशीं ठेवलीं: इथें आले त्यांच्यासाठीं, आणि ज्यांस कोणतेंच कोल्हापूर लाभलें नाहीं त्यांच्यासाठींहि.