नाडीचा आकडा आणि श्वासाची साक्ष

आपल्या समाजातील बहुतेक घरांत आता मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ आले आहे. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या माणसाला थोडा वेळ जोरात, थोडा वेळ संथ अशा ‘इंटरव्हल’ व्यायामाचे आकर्षण वाटते, कारण त्याला वेळ कमी लागतो. मला चाळिशीपासून दमा आहे. निवृत्तीनंतर नृसिंह मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या पोखर्णीत राहतो आणि डॉक्टरांच्या संमतीने दोन वर्षे असाच चालण्याचा व्यायाम करतो : तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे संथ. जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पद्धत मध्यमवयीन व वृद्धांसाठी रूढ केली.

घड्याळ मर्यादा कशी ठरवते? प्रचलित सूत्र २२० वजा वय. माझे वय ६४. म्हणजे कमाल १५६ ठोके. २००१ साली मांडलेले दुसरे सूत्र २०८ मधून वयाचे सात दशांश वजा करते. त्याने १६३ येतात. दोन्ही सरासऱ्याच आहेत. प्रत्यक्ष व्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. सरासरीवरून कोणा एका खातेदाराची पत ठरत नाही, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही.

दम्याच्या रुग्णासाठी हा आकडा अधिकच फसवा ठरतो. तातडीच्या पंपातील साल्ब्युटामॉल श्वासनलिका मोकळ्या करते, पण नाडीही वाढवते. उलट, रक्तदाबाच्या वा हृदयाच्या ‘बीटा ब्लॉकर’ गोळ्या नाडी दाबून धरतात; काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंबही तसे करू शकतात. शिवाय या औषधांनी दमा उफाळू शकतो. म्हणून छातीच्या, हृदयाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना आपली सर्व औषधे ठाऊक असली पाहिजेत.

गेल्या जानेवारीत पहाटे माझ्यासोबत पुतण्या चालत होता. हवा बोचरी होती, शेतांत तुरीची मळणी सुरू होती. तिसऱ्या फेरीत माझ्या छातीत बारीक शीळ ऐकू आली. घड्याळात ११८ ठोके होते. मी थांबलो. तो म्हणाला, “काका, मर्यादा तर अजून बरीच दूर आहे.” मर्यादा हृदयाची होती, अडले होते ते श्वासाचे. बसून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप घेतला आणि तो दिवस तेथेच संपवला.

याचे कारण साधे आहे. जोरात चालताना आपण तोंडाने भराभर थंड, कोरडी हवा घेतो. श्वासनलिकांतील ओलावा कमी होतो आणि त्या आकसतात. हा त्रास बहुधा व्यायाम थांबवल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत वाढतो. त्यामुळे घरी येताच एकटे स्नानगृहात जाऊ नये.

माझी शिस्त अशी. आधी दहा-पंधरा मिनिटे संथ चालणे, नाकातोंडावर कापड, खिशात पंप. भरभर चालताना लहान वाक्य बोलता आले पाहिजे. संथ टप्प्यात श्वास स्थिरावला नाही, तर पुढची फेरी नाही. धूळ, सर्दी, रात्रीचा खोकला असेल त्या दिवशी केवळ फेरफटका. निर्जळ उपवासात शरीरातील पाणी घटून नाडी वाढते, त्यामुळे त्या दिवशी जोराचा व्यायाम नाहीच. छातीत कळ, जबड्यात वा हातात वेदना, घेरी किंवा अनियमित ठोके आले, तर तो दमाच असेल असे मानून बसू नये. १०८ ला फोन करावा. पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, तरीही तेच. पोखर्णीहून परभणीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जाण्यास लागणारा वेळ हिशेबात धरला, तर गावी राहणाऱ्याने शहरवासीयापेक्षा लवकर थांबावे.

याचा अर्थ दमेकऱ्याने अंथरुण धरावे असा नव्हे. कोपनहेगनमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देखरेखीखाली इंटरव्हल व्यायाम आणि योग्य आहार यांची जोड दिलेल्या दम्याच्या रुग्णांचे आजारावरील नियंत्रण सुधारले. मात्र नियमित प्रतिबंधक औषध आणि आटोक्यातील दमा ही पहिली अट. घड्याळ जरूर बांधावे. थांबण्याचा निर्णय मात्र श्वासाच्या साक्षीने घ्यावा.